शाळेच्या खोलीत जुन्या लोखंडाचं दालन: कीट ओळखण्यापासून भट्टी पेटवण्यापर्यंत

आमच्या लोहारसाळेच्या मागे किटाचा, म्हणजे लोखंड तापवताना निघणाऱ्या मळाचा, मोठा ढीग होता. पाचोऱ्याचे एक वैद्य दर हिवाळ्यात यायचे आणि माझ्या वडिलांना, आण्णांना म्हणायचे, "वरचं नको, अगदी तळाचं द्या. तुमच्या आजोबांच्या वेळचं." मंडूर भस्म या औषधासाठी त्यांना हे लोहकीट लागायचं. आयुर्वेदात शंभर वर्षांवरचं कीट उत्तम, ऐंशी वर्षांचं मध्यम आणि साठ वर्षांचं कनिष्ठ मानतात. मी भाता ओढत हे ऐकायचे. टाकून दिलेल्या मळालाही वय असतं आणि कुणीतरी ते मोजतं, हे मला शाळेत जायच्या आधीच कळलं होतं.

पुढे खान्देशात गिरणा नदीकाठच्या एका गावात मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. शेवटच्या बारा वर्षांत प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत मुलांनी आणि मी मिळून जुन्या लोखंडाचं एक दालन उभं केलं. निवृत्तीनंतरही आसपासच्या शाळांतले शिक्षक विचारतात, सुरुवात कुठून करायची? त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे. खर्च फार नाही, पण सुरुवातीला तीन-चार गोष्टी चुकल्या तर बारा वर्षांचं काम मातीत जातं.

आधी एक फरक समजून घ्या

लोखंड गाळणं वेगळं आणि लोखंड घडवणं वेगळं. गाळणं म्हणजे लोहदगडापासून धातू काढणं. घडवणं म्हणजे तयार लोखंड तापवून विळा, फाळ, वखराची पास करणं. कीट दोन्हींत निघतं. शेतात कीट सापडलं की "आमच्या गावात प्राचीन काळी लोखंड गाळत" अशी पाटी लावायचा मोह होतो. मलाही झाला होता. पण खान्देशची जमीन बसाल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची. चंद्रपूर-गडचिरोलीकडे लोहारा, सुरजागडला जसा भरघोस लोहदगड आहे, तसा आपल्याकडे नाही. त्यामुळे आपल्या गावांत सापडणारं बहुतेक कीट घडवण्याचं, म्हणजे गावच्या लोहारांचं असतं. त्याने त्याची किंमत कमी होत नाही. लोखंड बाहेरून यायचं, आणि इथल्या लोहाराच्या हातून त्याचा फाळ व्हायचा, ही गोष्टही तितकीच मोठी आहे. पाटीवर मात्र तीच लिहा.

कुठं शोधायचं

गावाच्या पांढरीवर. जुन्या वस्तीच्या राखाडी-पांढुरक्या मातीचा उंचवटा बहुतेक गावांत असतो, आणि म्हाताऱ्या माणसांना तो नेमका माहीत असतो. दुसरी जागा म्हणजे त्या पांढरीला कापत जाणारा ओढा. पावसाळ्यानंतर त्याच्या काठावर वस्तू उघड्या पडतात. तिसरी जागा जुन्या लोहारसाळेची.

जमिनीवर पडलेलं तेवढंच पाहायचं. खणायचं नाही, अगदी खुरप्यानेही नाही. संरक्षित स्थळ असेल तर परवान्याशिवाय उत्खनन करणं १९५८ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. संरक्षित नसलं तरी खणल्याने थर मोडतात आणि ते पुन्हा जोडता येत नाहीत. नाणी, मूर्ती, ताम्रपट असं काही दिसलं तर हात न लावता फोटो काढा आणि तहसीलदारांना कळवा. १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या ठेव्याचा, कायदा अजून लागू आहे.

दोन गोष्टींनी आपली फसगत होते. काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते. वरची वस्तू भेगेतून खाली जाते आणि पावसात माती फुगली की खालची वर सरकते. म्हणून काळ्या रानात वस्तू किती खोल सापडली यावरून तिचं वय सांगू नका. दुसरं म्हणजे, शेतकरी पांढरीची माती खत म्हणून गाडीने शेतात टाकत आले आहेत. तुमच्या मळ्यातलं कीट दोन मैलांवरच्या पांढरीतून आलेलं असू शकतं. म्हणून शेतमालकाला आधी विचारा, "या वावरात माती कुठली आणली होती?" माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजीने या एका प्रश्नावर अर्धा तास माहिती दिली. ती आमच्या वहीतली सगळ्यात मोलाची नोंद आहे.

दगड, खंगर की कीट

हा भाग सावकाश वाचा. मुलं गोळा करून आणतात त्यातलं निम्म्याहून जास्त कीट नसतंच.

पहिली गल्लत चुंबकाने होते. मुलं चुंबक लावतात, तो थोडा ओढला की ओरडतात, "बाई, हाई दगड नही, लोखंडनं कीट शे!" पण बसाल्टमध्येच मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला ओढलं जाणारं लोहखनिज असतं. दोरीला टांगलेला चांगला चुंबक आपल्या साध्या धोंड्याकडेही कलतो. गिरणेच्या आणि तापीच्या वाळूत पावसानंतर जो काळा पट्टा दिसतो तोही चुंबकाला भराभर चिकटतो. उलट अस्सल किटावर चुंबक कधीकधी जेमतेमच लागतो, कारण त्यातलं बरंचसं लोह सिलिकेटच्या रूपात असतं. म्हणजे चुंबकाची चाचणी एकटी काही सांगत नाही.

दुसरी गल्लत भोकांनी. किटात बुडबुड्यांची भोकं असतात, पण लाव्ह्याच्या दगडातही असतात. फरक भोकांच्या आत पाहा. आपल्याकडच्या दगडांत भोकं बहुधा पांढऱ्या, गुलाबी किंवा हिरवट स्फटिकांनी भरलेली असतात. जळगावकडच्या या झिओलाइट आणि अपोफिलाइटच्या स्फटिकांसाठी सावद्यासारखी गावं जगभरच्या खनिज गोळा करणाऱ्यांना ठाऊक आहेत. किटाची भोकं रिकामी किंवा मातीने भरलेली असतात, आतून गुळगुळीत.

तिसरी गल्लत भुसावळच्या बाजूला फार होते. रेल्वेची वाफेची इंजिनं होती तेव्हा जळालेल्या कोळशाचं खंगर रुळांकडेला आणि भरावात पडायचं. ते करडं, हलकं आणि सच्छिद्र असतं. हातात घेतलं की वजनानेच कळतं. वीटभट्टीचं खंगरही येतं, पण त्याला एखादी सपाट बाजू किंवा विटेचा कोपरा शिल्लक असतो आणि आत लाल माती दिसते.

आता अस्सल कीट. गाळण्याचं कीट जड, काळं-करडं असतं. त्याच्या पृष्ठावर वाहून थिजल्याच्या वळ्या असतात, काहीलीतून सांडलेली काकवी थंड होताना पडतात तशा. त्यात कोळशाच्या तुकड्यांचे ठसे सापडले तर फार चांगलं. त्या ठशांत लाकडाच्या रेघासुद्धा दिसतात. घडवण्याचं कीट वेगळं असतं. ते भट्टीच्या तळाशी साचतं, म्हणून खालून वाटीच्या बुडासारखं फुगीर आणि वरून सपाट किंवा किंचित खोलगट होतं. आकार तळहाताएवढा, बाहेरून गंजाचा तांबूस थर. आण्णांच्या भट्टीतून रोज संध्याकाळी असाच एक गोळा निघायचा. त्यामुळे पहिल्यांदा शेतात तसा तुकडा हातात आला तेव्हा मला कुणाला विचारावं लागलं नाही.

तिसरी खूण भट्टीच्या भिंतीची: एका बाजूने भाजून लाल झालेली माती आणि दुसऱ्या बाजूने वितळून झालेली हिरवट-काळी काच. भात्याची हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळीचे तुकडेही असेच दिसतात. टोकाला काच आणि मधे बोटभर भोक. असा नळीचा तुकडा सापडला तर दहा किलो किटापेक्षा तो जपा.

शंका राहिली तर वजनकाटा काढा. आर्किमिडीजचं तत्त्व शिकवायला याहून चांगला प्रयोग मला मिळाला नाही. तुकडा कोरडा तोला, मग दोऱ्याने पाण्यात बुडवून तोला. समजा हवेत ४२० ग्रॅम आणि पाण्यात ३०० ग्रॅम भरला. फरक १२० आला. ४२० भागिले १२० म्हणजे ३.५. पाण्याच्या साडेतीनपट जड. बसाल्ट साधारण २.८ ते ३ च्या आसपास येतो, घट्ट कीट बहुधा त्याहून वर, आणि कोळशाचं खंगर बरंच खाली. खूप भोकं असतील तर आकडा फसवतो, म्हणून ही चाचणी आकाराच्या खुणांबरोबरच वापरा. गंजलेली लोखंडी वस्तू मात्र पाण्यात कधीही घालू नका.

लोहारसाळेची जुनी जागा नक्की करायची असेल तर एक युक्ती आहे. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि मातीवरून फिरवा. पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढला की चिकटलेलं सगळं पांढऱ्या कागदावर पडतं. त्यात काळ्या वाळूचे दाणे असतील तर ते गोलसर असतात. चपटे, चकचकीत, माशाच्या खवल्यासारखे पापुद्रे दिसले तर ती घणाखाली उडालेली लोखंडाची खपली. ऐरण तिथेच कुठेतरी होती.

नोंद

माझं सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं. एका दिवाळीच्या सुट्टीत खोली रंगवायला काढली आणि कामावरच्या माणसांनी सगळे ट्रे एका पोत्यात रिकामे केले. चिठ्ठ्या ट्रेमध्ये होत्या, तुकड्यांवर नव्हत्या. शेहेचाळीस तुकडे. कोणता कुठला, हे आज कुणीच सांगू शकत नाही. ते पोतं मी अजून ठेवलं आहे. मुलांना वजन करायला आणि हाताळायला देते. पण त्यांच्याबद्दल एक ओळही खात्रीने लिहिता येत नाही.

म्हणून क्रमांक तुकड्यावरच. पाठच्या बाजूला रंगहीन नेलपॉलिशचा छोटा ठिपका, तो वाळला की पांढऱ्या शाईने आकडा, वर पुन्हा नेलपॉलिश. तोच आकडा वहीत, आणि वहीची एक प्रत दुसऱ्या घरी. वहीत तारीख, गावाचं नाव, गट नंबर, वावराचं लोकांच्या तोंडचं नाव, मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश, जवळचा ओढा किंवा झाड, जमीन काळी की पांढरी, आणि उचलण्याआधीचा पट्टी ठेवून काढलेला फोटो. माहिती देणाऱ्याचं नाव त्याच्या परवानगीनेच. वावराचं नाव विसरू नका. आमच्या गावात जमिनीच्या एका तुकड्याला "लोहारनं वावर" म्हणतात, आणि तिथे चार पिढ्यांत कुणी लोहार राहिलेला नाही.

साफसफाई मऊ ब्रशने, कोरडी. तारेचा ब्रश नको, व्हार्निश नको. लोखंडी वस्तू, म्हणजे बाणाचं टोक, खिळा, विळ्याचा तुकडा, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात हवा भाजलेल्या पापडासारखी कोरडी असते, म्हणून गाफील राहायला होतं. खरी परीक्षा आषाढात. जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडं करायचं. एका मुलाने प्रेमाने खिळा घासून धुऊन आणला होता. आठ दिवसांत त्याचे पापुद्रे सुटले. त्याला रागावले नाही, कारण सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं.

मांडणी

फर्निचरबद्दल फार लिहीत नाही. शाळेतली जुनी बाकं आणि त्यांवर पांढरी चादर पुरते. काच फक्त लोखंडी वस्तूंना.

क्रम मात्र महत्त्वाचा. डावीकडून लोहदगड, बाभळीचा कोळसा, भात्याची नळी, कीट, मग लोखंडाचा जाळीदार गोळा, ठोकलेली पट्टी आणि शेवटी विळा. मूल बाकांच्या कडेने चालत गेलं की दगडाचा विळा होताना त्याला दिसला पाहिजे.

भिंतीवर खान्देशचा नकाशा लावा. त्यावर शहादा तालुक्यातलं, तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे दाखवा. १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केलं. चाळीसगाव तालुक्यात गिरणेवरचं बहाळ दाखवा, तिथे म. न. देशपांडे यांनी उत्खनन केलं. दोन्हीकडे खाली ताम्रपाषाण काळाची, म्हणजे तांबं आणि दगड वापरणाऱ्या लोकांची वस्ती, रंगीत मडकी, आणि त्याच्या वरच्या थरात काळ्या-तांबड्या मडक्यांसोबत लोखंड येतं, साधारण इ.स.पू. सहाव्या शतकापासून. आमच्या मुलांना बहाळ म्हणजे मामाचं गाव होतं. तिथे अडीच हजार वर्षांपूर्वीही लोखंड होतं हे कळल्यावर नकाशासमोरची गर्दी हलेना.

गाळण्याच्या भट्टीसाठी नकाशा पूर्वेला वाढवा. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठच्या नायकुंडला १९७० च्या दशकाच्या शेवटी शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात महापाषाण काळातली, म्हणजे मोठे दगड रचून दफनं करणाऱ्या लोकांच्या काळातली, लोखंड गाळायची भट्टी सापडली. मातीच्या वळणदार विटांची, भात्याच्या नळ्यांसकट. तिचं चित्र मुलांकडून मोठं काढून घ्या. आणि जगाच्या नकाशावर एक टाचणी पोलंडला लावा. वॉर्सॉजवळच्या प्रुश्कुफ या गावात केवळ प्राचीन लोखंड गाळण्याला वाहिलेलं संग्रहालय १९७५ पासून आहे. त्या भागात भट्टीखाली खड्डा असायचा, कीट त्यात उतरून थिजायचं आणि भट्टी मोडली तरी जमिनीत राहायचं. त्यामुळे तिथे किटाचे गठ्ठे मोजले की भट्ट्या मोजता येतात. एका प्रदेशाने आपल्या किटासाठी अख्खी इमारत उभी केली आहे हे मुलांना कळलं पाहिजे. आपल्या हातातल्या तुकड्याकडे ती वेगळ्या नजरेने बघू लागतात.

वर्षातून एकदा धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात सहल न्या. वस्तू आणि कागद पिढ्यान् पिढ्या कसे सांभाळतात ते तिथे दिसतं.

भट्टी पेटवायची असेल तर

हे मोठ्या माणसांचं काम आहे. मुलं दोरीच्या पलीकडे. उघड्या मैदानात, कारण कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि माणूस नेतो. सुती कपडे, डोळ्यांना चष्मे. भट्टीला नदीतले गोटे वापरू नका, ओलावा आत असला तर ते फुटतात. जमीनही कोरडी हवी.

चिकणमातीत वाळू, शेण आणि बारीक चिरलेलं गवत कालवून साधारण मीटरभर उंच, आतून वीतभराहून थोडं जास्त रुंद असं धुराडं बांधा. भिंत चार बोटं जाड. खाली एक तोंड मळ काढायला, आणि जमिनीपासून वीतभर वर भात्याची नळी किंचित खाली कललेली. आठवडाभर वाळवा, मग लाकडाच्या मंद आगीने तापवा. लोहदगड आधी भाजून हरभऱ्याएवढा फोडा. कोळसा पूर्ण पेटला की दर आठ-दहा मिनिटांनी वरून कोळसा आणि लोहदगड वजनाने सारखे टाकत जा. हवा पाच-सहा तास थांबता कामा नये.

आत काय होतं ते मुलांना आधी फळ्यावर समजवा. लोखंड वितळायला १५३८ अंश लागतात आणि या भट्टीत साधारण १२०० च्या आसपासच पोचतं. म्हणजे लोखंड वितळत नाही. कोळशाचा वायू लोहदगडातला ऑक्सिजन ओढून घेतो, मळ वितळून खाली वाहतो, आणि लोखंड मऊ, जाळीदार गोळा होऊन मागे राहतं. "लोखंडाचा रस ओतला" हे चित्र डोक्यातून काढून टाका.

पहिल्या वर्षी आम्ही हौसेने गिरणेची काळी वाळू वापरली. नऊ किलो. बसाल्टमधून आलेल्या त्या वाळूत टायटॅनियम असतं. मळ घट्ट राहिला, वाहिलाच नाही, आणि रात्री आठ वाजता भट्टी फोडल्यावर हाती एक चिकट काळा धोंडा आला. दुसऱ्या वर्षी विदर्भातून तांबडा लोहदगड मागवला. त्या वेळी गावाबाहेर घिसाड्यांची, म्हणजे फिरत्या लोहारांची पालं होती. त्यांतल्या एका जोडप्याला बोलावलं, मजुरी आधी ठरवून, आणि ती कारागिराला शोभेल अशी. गोळा बाहेर काढला तेव्हा तो मोठ्या पेरूएवढा होता. नवऱ्याने सांडशीत धरला, बायकोने घण घातला. पहिल्या घावांना अर्धा गोळा ठिणग्या आणि मळ होऊन उडाला. मी ओरडले, "थांबा, मोडतोय!" ती म्हणाली, "मोडत नाही बाई, धुतोय." शेवटी उरलं ते करंगळीएवढं लोखंड. त्याचा तिने खिळा केला. वहीत तो क्रमांक २१२ आहे.

भट्टी थंड झाली की शेवटचं काम राहतं, आणि ते बहुतेक जण विसरतात. आपलं नवं कीट रानात किंवा ओढ्यात टाकू नका. पन्नास वर्षांनी कुणाला ते प्राचीन वाटेल. ते वेगळ्या डब्यात, वर साल आणि "शाळेची भट्टी" असं लिहून ठेवा. भट्टीचा खड्डा बुजवण्याआधी तळाशी त्या वर्षाचं एक नाणं टाका, म्हणजे पुढे कुणी खणलं तर भट्टीचं साल कळेल. आम्ही दोन रुपयांचं टाकलं, आणि ते कुठे आहे हे वहीत लिहिलं.